रक्तवाहिन्यांच्या रेडिओलॉजीतला संशोधक, त्याचे पेपर आणि सायटेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी बरीच वर्षं गेली. आधी लोक काउंटरवर पुस्तक मागायला यायचे, आता आकडा मागायला येतात. "मॅडम, उद्या इंटरव्ह्यू आहे, माझा एच-इंडेक्स काढून देता का?" रेडिओलॉजीवाल्यांकडून, त्यातही रक्तवाहिन्यांचं काम करणाऱ्यांकडून, तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून टाकलेली बरी. अधूनमधून पेशंटचे नातेवाईकही विचारतात. त्यांचा प्रश्न खाली आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

व्हॅस्क्युलर रेडिओलॉजी म्हणजे सोनोग्राफीवालेच ना?

शिक्षण तिथूनच सुरू होतं, पुढे काम वेगळं. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी, आणि डोळे डीएसएच्या, म्हणजे डाय सोडून वाहिन्या दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर. बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडायची, नाहीतर नको तिथे वाहणारी बुजवायची. टीबी होऊन गेलेल्या माणसाला मध्यरात्री खोकल्यातून भसाभस रक्त पडायला लागतं, तेव्हा करतात ते ब्राँकियल आर्टरी एम्बोलायझेशन, म्हणजे श्वासनलिकांकडची धमनी बुजवणं, याच खात्यातलं. फ्रान्समधल्या रेमी आणि सहकाऱ्यांनी ते १९७३ साली प्रसिद्ध केलं. मधुमेह्याच्या पायाची अँजिओप्लास्टी, डायलिसिसचा बंद पडलेला फिस्टुला, यकृताच्या शिरा तुंबण्याचा बड-कियारी, गर्भाशयातल्या फायब्रॉइडचं एम्बोलायझेशन हेही यांचंच. हृदयाच्या वाहिन्या मात्र कार्डिओलॉजिस्टकडे. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे आकडे वाचताना लागेल.

एखाद्या डॉक्टरांची प्रकाशनं शोधायची कुठे?

पबमेडपासून सुरुवात करा. ते मोफत आहे, आणि वैद्यकाच्या जर्नलपुरतं बऱ्यापैकी नीटनेटकं. मात्र पबमेड ही पेपरांची यादी आहे, सायटेशनची, म्हणजे एका पेपरने दुसऱ्याचा दिलेल्या हवाल्यांची, खातेवही नव्हे. सायटेशनसाठी स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर. पहिल्या दोन्हींना वर्गणी लागते, तरी स्कोपसवर लेखकाचं नाव टाकून जुजबी माहिती फुकट बघता येते. गूगल स्कॉलर सगळ्यांना खुलं.

तीन ठिकाणी तीन आकडे येतात. खरा कोणता?

तिन्ही खरे, आपापल्या कुंपणापुरते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलच मोजतात. गूगल स्कॉलर हाती लागेल ते मोजतं: एमडीचा प्रबंध, परिषदेचा गोषवारा, पुस्तकातलं प्रकरण, कुठल्यातरी संस्थेच्या संकेतस्थळावरची पीडीएफ, कधी तोच पेपर दोनदा. म्हणून स्कॉलरचा आकडा बहुतेक वेळा फुगलेला दिसतो, आणि अर्जात तोच लिहिलेला असतो. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. फक्त आकड्यापुढे "स्कोपसनुसार, अमुक तारखेस" एवढं लिहा. तारीख नसलेला सायटेशनचा आकडा म्हणजे तारीख नसलेली दुधाची पिशवी.

माझे सगळे पेपर दिसतच नाहीत. काय करू?

माझा निम्मा वेळ इथेच जातो. पबमेडमध्ये आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं. "कुलकर्णी एस" टाकून बघा: पुण्याचे, नागपूरचे, अमेरिकेतले, दातांचे, डोळ्यांचे, सगळे कुलकर्णी एका पंगतीला बसलेले. पाटील, जोशी, शिंदे, देशमुख यांची तीच गत. त्यात आपलं मधलं नाव. एका पेपरात वडिलांचं असतं, दुसऱ्यात गळतं, तिसऱ्यात नवऱ्याचं येतं. स्पेलिंगचं तर विचारूच नका. सावंत व्हीने की डब्ल्यूने, पवारमधल्या पीनंतर ए की ओ. चौधरींची तर मी मोजणीच सोडून दिली. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक स्पेलिंग हा नवा माणूस.

एकदा एक डॉक्टर अर्ज घेऊन आल्या. त्यांच्या हिशोबाने सात पेपर, स्कोपसवर चार. तासभर शोधल्यावर उरलेले तीन सापडले, माहेरच्या आडनावाने, एका वेगळ्याच प्रोफाइलवर. दोन वर्षं खपून केलेलं बड-कियारीचं काम त्यातच होतं. निवड समितीने नुसता चारचा आकडा पाहिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

यावर उपाय दोन. एक, ऑर्किड क्रमांक काढा. सोळा अंकी असतो, फुकट मिळतो, २०१२ पासून चालू आहे, आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. दोन, स्कोपसला कळवून फुटलेली प्रोफाइल एकत्र करून घ्या, ते करतात. रेसिडेंट मंडळींना माझं सांगणं असतं की पहिला पेपर पाठवायच्या आधी आपलं छापील नाव ठरवा आणि मग शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. पत्रिका छापताना जेवढा विचार करतात तेवढा तरी करा.

एच-इंडेक्स म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेलं माप. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा एखाद्याच्या सात पेपरांना ४०, २२, ९, ६, ५, ३ आणि १ अशी सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला निदान पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरचा आय-१० त्याहून सोपा, दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर मोजायचे. इथे २.

आता गंमत बघा. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४,००० सायटेशन असती तरी एच-इंडेक्स ५ च राहिला असता. आणि हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधीच उतरत नाही. निवृत्त झालेल्या सरांचाही वाढत राहतो.

आमच्या विभागातल्या सरांचा आकडा कार्डिओलॉजीच्या सरांपेक्षा खूप कमी आहे. म्हणजे काम कमी?

नाही. ज्या गावात घरं कमी, तिथे पाहुणेही कमी. पायाच्या किंवा यकृताच्या रक्तवाहिन्यांवर लिहिणारे जगभरात हृदयावर लिहिणाऱ्यांपेक्षा फार थोडे. लिहिणारे थोडे म्हणून संदर्भ देणारेही थोडे. दोन वेगळ्या शाखांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवणं म्हणजे लोकलच्या गर्दीवरून स्टेशनची स्वच्छता ठरवणं.

दुसरी गोष्ट कामाच्या जातीची. इथले बरेच पेपर एकाच रुग्णालयातल्या पेशंटवर असतात, जुन्या नोंदी काढून लिहिलेले: इतक्या जणांचं एम्बोलायझेशन केलं, इतक्यांचं रक्त थांबलं, इतक्यांना पुन्हा सुरू झालं. हे फार कामाचं लेखन आहे, पण जगभर गाजत नाही. गाजतात ती मार्गदर्शक तत्त्वं. टास्क-२ हा पायांच्या धमन्यांच्या आजारावरचा २००७ चा सहमतीचा दस्तऐवज घ्या. पायाच्या अडथळ्याची प्रतवारी सांगायची म्हटलं की जो तो त्याचाच हवाला देतो, त्यामुळे त्याच्या सायटेशनचा डोंगर झाला आहे. अशा समितीत नाव असलेल्या लेखकाचा आकडा बघताना तो एक दस्तऐवज बाजूला काढून उरलेलं मोजा. मी तसंच करते.

सायटेशन जास्त म्हणजे पेपर चांगला, असंच ना?

हा प्रश्न आला की मी खुर्ची पुढे ओढते.

डिसेंबर २०१८ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन हार्ट असोसिएशनमध्ये एक मेटा-ॲनॅलिसिस, म्हणजे आधीच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून काढलेला हिशोब, छापून आलं. पहिले लेखक कॉन्स्टँटिनोस कात्सानोस, ग्रीसमधल्या पॅट्रासचे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. विषय होता मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या धमनीत वापरायचे पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले फुगे आणि स्टेंट. वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून ते औषध. २८ चाचण्या, ४,६६३ पेशंट. पहिल्या वर्षी मृत्यूंत फरक नव्हता. दोन वर्षांनी औषधवाल्या गटात ७.२ टक्के, दुसऱ्यात ३.८. पाच वर्षांनी १४.७ आणि ८.१.

जगभरच्या कॅथलॅबमध्ये एकच धांदल उडाली. पायाची वाहिनी उघडायला लावलेल्या औषधाने माणूस दगावतो की काय? स्वीडनमधल्या स्वीडपॅड आणि ब्रिटनमधल्या बेसिल-३ या चाचण्यांनी नवे पेशंट घेणं थांबवलं. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियंत्रक संस्थेने, डॉक्टरांना सावधगिरीचं पत्र काढलं. मग उत्तरादाखल पेपरांची रीघ लागली. कुणी संख्याशास्त्रावर बोट ठेवलं, कुणी मधेच सुटलेल्या पेशंटांचा हिशोब मागितला, कुणी आपल्याकडच्या नोंदी पुन्हा काढल्या. स्वीडपॅडचे २,२८९ पेशंटांवरचे अंतरिम निष्कर्ष २०२० च्या शेवटी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले: मृत्यूंत फरक नाही. आणि जुलै २०२३ मध्ये एफडीएने सांगितलं की जास्तीची माहिती पाहता या उपकरणांमुळे मृत्यूचा धोका वाढतो असं म्हणायला आधार नाही.

या सगळ्या काळात प्रत्येक उत्तराने, प्रत्येक खंडनाने मूळ पेपरचा हवाला दिला. दिलाच पाहिजे, त्याशिवाय वाद घालणार कसा? आणि मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी "यांनी फार महत्त्वाचं दाखवलं" आणि "यांचा निष्कर्ष टिकत नाही" या दोन्हींची किंमत एकच: अधिक एक.

मग तो पेपर वाईट होता का? मला तसं वाटत नाही. त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता, आणि तो विचारला गेला म्हणूनच वर्षानुवर्षांचा पाठपुरावा नीट तपासला गेला. पण हे मत मला त्या पेपरच्या आकड्याने दिलं नाही. त्याच्या मागून आलेले पेपर वाचल्यावर झालं. मुलाखतीला बसणाऱ्या उमेदवाराला मी हेच विचारते: तुमच्या सगळ्यांत जास्त सायटेशनच्या पेपरचा हवाला लोकांनी कशासाठी दिलाय? निम्मे गप्प होतात.

म्हणजे कमी सायटेशनचा पेपरही मोठा असू शकतो?

असतो. सेल्डिंजर हा शब्द आपल्या आयसीयूत रोज ऐकू येतो. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकायची तर सेल्डिंजरनेच: सुई, तार, सुई बाहेर, तारेवरून नळी आत. स्वेन-इवार सेल्डिंजर हे स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट. त्यांचा पेपर १९५३ साली ॲक्टा रेडिओलॉजिकामध्ये आला. आज रोज ही पद्धत वापरणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या पेपरात त्याचा हवाला देतात? जवळजवळ कुणीच नाही. पद्धत इतकी मुरली की नाव उरलं आणि तळटीप गेली. शिवाय स्कोपसमधल्या संदर्भयाद्या १९७० पासूनच्या. त्याआधी कुणी सेल्डिंजरना दाद दिली असेल तर ती तिथे दिसायची नाही.

प्रबंधाने वैतागलेल्या रेसिडेंटना मी पुढचंही सांगते. सेल्डिंजरच्या वरिष्ठांना हे काम प्रबंधाएवढं भरीव वाटलं नव्हतं. सेल्डिंजरनी मग पित्तनलिकांच्या एक्स-रे तपासणीवर प्रबंध लिहिला, १९६६ साली.

डॉटर आणि जडकिन्स या अमेरिकेतल्या डॉक्टरांचंही तसंच. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ८२ वर्षांच्या एका आजींचा पाय कापायची वेळ आली होती, आणि आजी काही केल्या पाय कापू देईनात. डॉटरनी मांडीतल्या धमनीचा अडथळा आतूनच रुंद केला. पाय वाचला. त्याच वर्षी सर्क्युलेशन या जर्नलमध्ये दोघांचा पेपर आला, पण अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी बरीच वर्षं नाकं मुरडली; युरोपातल्या मंडळींनी आधी उचलून धरलं. पहिल्या पाच वर्षांच्या सायटेशनवर डॉटरना कुणी बढती दिली असती का, विचार करा.

लेखकांच्या यादीत कितवं नाव महत्त्वाचं?

वैद्यकात पहिलं नाव बहुतेक वेळा ज्याने राबून काम केलं त्याचं, शेवटचं मार्गदर्शकाचं, आणि पत्रव्यवहाराचा लेखक हा तिसरा मान. मधली नावं वाचताना जरा हात राखून वाचा. वैद्यक जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अटी चार आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. खात्याचं मशीन वापरू दिलं, एवढ्याने लेखक होता येत नाही. त्यासाठी शेवटी आभार मानायची जागा असते. आपल्याकडे आभाराच्या जागेत कुणाला बसायचं नसतं, हा वेगळा विषय.

स्वतःचेच संदर्भ दिले तर चालतं?

आधीच्या कामाचा धागा पुढे नेताना द्यावेच लागतात. स्कोपसवर स्वतःची सायटेशन वगळून आकडा बघता येतो. वगळल्यावर निम्मा उरला तर कारण विचारा.

इम्पॅक्ट फॅक्टर लेखकाचा असतो का?

नाही हो. जर्नलचा. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या. युजीन गारफिल्डने ही कल्पना मांडली, त्यात ग्रंथालयाने कोणती जर्नल घ्यावीत हा हिशोब मोठा होता. माझ्या धंद्याचं हत्यार होतं ते, निवड समित्यांनी पळवलं. अर्जात पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून "एकूण ४१.७" असं लिहिणारे भेटतात. ही बेरीज म्हणजे आपण ज्या ज्या इमारतींत राहिलो त्यांचे मजले मिळवून आपली उंची सांगणं.

भारतीय जर्नलमध्ये छापलं तर कमीपणा?

जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन हे आपल्याच परळहून, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममधून १९५५ पासून निघतं, आणि वाचायला मोफत आहे. इंडियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग आहे. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाल्यांच्या भारतीय संघटनेचं स्वतःचं जर्नल आहे. ताकायासू या धमन्यांना सूज येण्याच्या आजारावर किंवा टीबीनंतरच्या रक्तस्रावावर लिहायचं असेल तर ज्यांच्याकडे असे पेशंट येतात तेच वाचक, आणि ते इथेच जास्त आहेत. परदेशी जर्नलचं आकर्षण मला कळतं. पण जो पेपर सोलापूरच्या डॉक्टरला उघडता येत नाही तो कुणासाठी लिहिला, हेही कधीतरी मनाशी विचारावं.

"आदरणीय प्राध्यापक, आपल्या थोर लेखाने भारावून" अशी मेल येते. पैसे भरून चार दिवसांत छापतात म्हणे.

डिलीट.

जरा सविस्तर: पैसे घेणं हा गुन्हा नाही, बरीच चांगली खुली जर्नलही शुल्क घेतात. चार दिवसांत छापणं ही खूण. पेपर तपासायला दोन परीक्षक लागतात, आणि परीक्षक एवढ्यात मेलसुद्धा उघडत नाहीत. जर्नल पबमेडमध्ये, स्कोपसमध्ये किंवा डीओएजे या खुल्या जर्नलांच्या यादीत आहे का ते त्या त्या ठिकाणी जाऊन बघा. जर्नलच्या स्वतःच्या पानावरचा शिक्का धरू नका. शंका आली तर पैसे भरायच्या आधी माझ्याकडे या. भरल्यावर आलेल्यांना मी फक्त चहा देऊ शकते.

बढतीसाठी किती पेपर लागतात?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम बदलत राहतात. जाहिरातीच्या तारखेला लागू असलेलं राजपत्र काढून वाचा. मित्राने पाठवलेला व्हॉट्सॲप फॉरवर्ड दाखवू नका.

बाबांना मधुमेह आहे, पायाचा अंगठा काळा पडलाय. जास्त एच-इंडेक्सवाले डॉक्टर शोधू का?

नका शोधू. आणि शोधत बसू नका, अंगठा थांबणार नाही, आजच दाखवा.

पेपर लिहिणं आणि तार अडथळ्यातून पार नेणं ही दोन वेगळी कसबं. एकाच माणसात दोन्ही असतात, नसतातही. डॉक्टरांना हे विचारा: गुडघ्याखालच्या वाहिन्या तुम्ही महिन्याला किती उघडता? उघडली नाही तर पुढचा बेत काय? बायपास करणारे सर्जन तुमच्याबरोबर बसून ठरवतात का? डायमुळे किडनीला त्रास होईल का? जखमेचं ड्रेसिंग नंतर कोण बघणार? अवघड पायांत आधी फुगा की आधी बायपास, यावर २०२२ ची बेस्ट-सीएलआय आणि २०२३ ची बेसिल-२ या दोन मोठ्या चाचण्यांचे कौल वेगवेगळे आले. पहिलीत पायाची चांगली शीर उपलब्ध असलेल्यांना बायपास सरस ठरला. दुसरीत, गुडघ्याखालच्या आजारात, आधी आतून उपचार केलेले सरस ठरले. म्हणून एकट्याचा निर्णय नको.

प्रकाशनांची यादी एकाच प्रसंगी उपयोगी पडते: आजार दुर्मिळ असेल तेव्हा. ताकायासू, बड-कियारी, जन्मजात गुंतलेल्या रक्तवाहिन्या. असे पेशंट मोजक्याच हातांखालून गेलेले असतात, आणि ते हात कुठले हे पबमेड सांगतं. तिथेही सायटेशन बघू नका. पेपरात पेशंट किती, ते बघा.

मागे घेतलेला पेपर कसा ओळखायचा?

पबमेडवर लेखाच्या वरच ठळक सूचना असते. आपल्या संगणकात जपून ठेवलेल्या पीडीएफवर ती येत नाही. म्हणून संदर्भ देण्याआधी पबमेडवर पुन्हा एकदा उघडा.

पूर्ण पेपर फुकट मिळेल का?

आधी पबमेड सेंट्रल बघा. नसेल तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला दोन ओळींची मेल टाका. बहुतेक जण आनंदाने पाठवतात, कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं. तेही जमलं नाही तर आमच्याकडे या. फक्त येताना पीएमआयडी, म्हणजे पबमेडने पेपरला दिलेला क्रमांक, लिहून आणा. "मॅडम, तो निळ्या ग्राफवाला पेपर, मागच्या पावसाळ्यात सरांनी दाखवलेला" एवढ्यावर मी पूर्वी शोधायचे. आता नाही.